वादीत उतरायचं तर माहीतगार माणूस पाहिजे

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ओमानवरचा लेख वाचला, दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला कारण पहिल्यांदा वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचतोय. मस्कतपासून एका दिवसात दऱ्या, गावं आणि समुद्रकिनारे, तेही गाइडशिवाय, असा सगळा सूर. साधी गाडी भाड्याने घ्या, मोबाइलवर मॅप लावा, गाइडवाले उगाच पैसे काढतात, "वादी म्हणजे आपल्याकडचा ओढाच की". हे शेवटचं वाक्य वाचून मात्र राहवलं नाही म्हणून मोबाइलवर हे टाइप करतोय, बोटं जाड आहेत, शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या आणि लांबलं तर कापा, पण पाण्याबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, चिपळूण डेपो. कुंभार्ली घाट किती वेळा चढलो-उतरलो त्याचा हिशोब नाही. मुलगा मस्कतला नोकरीला आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं नवरा-बायको थंडीत तीन महिने राहून आलो. आमच्या खाडीपट्ट्यातली कितीतरी घरं आखातातल्या पैशावर उभी राहिलीत त्यामुळे मस्कत हे नाव लहानपणापासून कानावर आहे, पण लहानपणी वाटायचं तिथे नुसती वाळू असेल आणि मधे एखादा उंट. वाळू आहे, पण मस्कतहून सूर शहराच्या बाजूला निघालात की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला हजर नावाचा डोंगर, बोडका, एक झाड नाही, आणि त्या डोंगराला चिरा पडल्यासारख्या दऱ्या. त्या दऱ्या म्हणजे वादी. वादी म्हणजे कोर्टातला वादी नव्हे आणि चपलेचीही नव्हे, वादी म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस कोरडा पडलेला नदीचा पात्रमार्ग, काही ठिकाणी आत बारमाही पाण्याची कुंडं, आणि त्या पाण्याच्या आधाराने वसलेली गावं.

मुलाने आणि त्याच्या ऑफिसातल्या दोन मित्रांनी मिळून एका दिवसाची ऑफरोड ट्रिप ठरवली, दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, ड्रायव्हर म्हणजेच गाइड. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रार पण करणार आहे. आमचा ड्रायव्हर सूरकडचा पोरगा, तीस-बत्तिशीचा, पांढरा स्वच्छ झगा आणि डोक्याला टोपी, आणि हिंदी बोलत होता, आपल्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यासारखी. मला पहिल्यापासून "बाबा" म्हणायला लागला. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे मी बसलो ती आपल्याकडची ड्रायव्हरची बाजू, आणि पहिला तासभर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता, खाली नुसतं पायपुसणं. तो बघून हसायचा.

मी पोराला काही न बोलता आधी गाडी बघितली, सवय जात नाही. मागे दोन स्टेपन्या, फावडं, ओढायचा जाड पट्टा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, पाण्याचे कॅन. म्हटलं ठीक आहे, माणूस कामाचा आहे.

पहिला थांबा वादी दैकाचं धरण, कुरियातच्या पुढे आत. साठवण १०० दशलक्ष घनमीटर म्हणजे आपल्या भाषेत साडेतीन टीएमसी. आम्ही कोयनेच्या पायथ्याची माणसं, १०५ टीएमसी ऐकत मोठे झालो, त्यामुळे मी आधी मनात म्हटलं एवढंसंच, पण मग सभोवती बघितलं तर डोंगरावर गवताची काडी नाही आणि मधे हे निळं पाणी, तेव्हा साडेतीनची किंमत कळली. मस्कतला वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो. चिपळुणात जुलैत तेवढा एका दिवसात पडतो आणि कोणी छत्री पण नीट उघडत नाही.

धरणाच्या वाटेवर हैल अल घाफ म्हणून गाव आहे, ते आंब्यासाठी ओळखलं जातं. हो, आंबा! आम्ही गेलो तेव्हा मोहोर होता, बायकोने गाडी थांबवायला लावली आणि कुंपणाबाहेरूनच मोहोराचा वास घेतला आणि म्हणाली, "अहो, तुडतुडा पडलाय यांच्यावर." बांगलादेशी कामगार पाट मोकळा करत होता. पाट म्हणजे तिथे त्याला फलज म्हणतात, डोंगराच्या पोटातून किंवा झऱ्यातून पाणी नुसत्या उतारावर खेळवत गावात आणायचं आणि मग प्रत्येकाच्या बागेला वेळ वाटून द्यायची, याचं पाणी इतका वेळ, त्याचं इतका वेळ. आजही असे तीन हजारांवर फलज चालू आहेत आणि त्यातले पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले. गुहागर-मुरुडच्या वाड्यांतलं शिंपणं ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच समजेल, आणि पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी तिथेही होतेच असं तो पोरगा म्हणाला. आपल्या लेखात या सगळ्यावर एक ओळ नाही, चार ओळी मात्र "इन्स्टाग्रामेबल स्पॉट"वर.

आता वादी अल अरबाईन. अरबाईन म्हणजे चाळीस. डांबरी सोडून खडीवर आलो तसं त्याने गाडी थांबवली आणि चारही चाकांची हवा कमी केली, पस्तीसवरून पंचवीसच्या आत आणली. मुलाच्या एका मित्राला वाटलं पंक्चर झालं. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडाला धरून चालतो, धक्का कमी बसतो, हे साधं आहे पण लेखात "साधी गाडी पुरे" लिहिणाऱ्याने हे ऐकलेलं दिसत नाही. पुढे एक उतार असा होता की समोर बॉनेट आणि त्याच्यापुढे नुसतं आकाश. त्याने फोर लो टाकला, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी सावकाश चाल, पहिला गियर, आणि ब्रेकवरून पाय काढून घेतला, गाडी इंजिनावर हळूहळू उतरवली. मला एवढा आनंद झाला सांगू, कारण आमच्या वस्तादाने १९८८ साली कुंभार्लीत मला हेच शिकवलं होतं, ज्या गियरने चढशील त्याच गियरने उतर, ब्रेकला शेवटी ठेव. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याला काही कळलं नाही, तरी खूश झाला.

आत दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूला चुनखडीच्या भिंती, पात्रात गोटे, मधूनच हिरवं पाणी, त्यातून गाडी जाते, पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागतं, पोरं ओरडतात, मोबाइल बाहेर. मग अचानक खजुराची झाडं, भिंतीच्या कडेला घरं, बकऱ्या, एक मशीद, एक किराणा दुकान. दुकानावर "फूडस्टफ" लिहिलेलं, आत मल्याळी माणूस. मी बिस्किटाचा पुडा घेतला आणि त्याने सुटे बैसा परत दिले. बैसा म्हणजे आपला पैसाच, शब्द इथूनच गेलाय, फक्त तिथे एका रियालला हजार बैसा. १९७० पर्यंत तिथे रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. आणि त्यांच्या आत्ताच्या सुलतानांचे आजोबा सुलतान तैमूर १९३२ ला गादी सोडून पुढे मुंबईत राहिले आणि १९६५ साली मुंबईतच वारले. असं सगळं नातं असताना आपण तिथे गेलो की वागतो कसे ते पुढे लिहितो.

गावाच्या पुढे एका वाकड्या झाडाजवळ तो थांबला आणि वर बोट दाखवलं. झाडाच्या फांद्यांत, आमच्या गाडीच्या टपाच्या बरंच वर, सुकलेल्या झावळ्या, प्लास्टिकची पिशवी आणि एक निळा दोर अडकलेला. वाऱ्याने नाही, पाण्याने. म्हणजे जिथे आम्ही गाडीत बसलो होतो तिथे कधीतरी आमच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. चिपळूणच्या माणसाला ही खूण वेगळी समजावून सांगायला नको, आमच्या बाजारपेठेत भिंतींवर २००५ च्या पुराची रेघ आहे आणि तिच्या वर २२ जुलै २०२१ ची. त्या दिवशी आमच्या डेपोत बसच्या टपावर बसून साहेबांनी एसटीची कॅश सांभाळली होती, पेपरात आलं होतं.

आणि इथेच तो पोरगा गप्प झाला. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन, निळं आकाश. त्याची नजर मात्र वर, आतल्या डोंगरांकडे. खूप लांब एका शिखरामागे करडा ढग, मला तर आधी दिसलाच नाही. तो खाली उतरला, पाण्यात हात घालून बघितला, दुसऱ्या ड्रायव्हरशी अरबीत दोन मिनिटं बोलला, गावातल्या एका म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं, म्हाताऱ्याने हात हलवला. मग आला आणि म्हणाला, "बाबा, आगे नहीं जाएगा. इधर बारिश नहीं देखने का, उधर देखने का. पानी उधर से आता है."

मग जो तमाशा झाला तो लिहायला लाज वाटते पण लिहितो. मुलाचा मित्र, इंजिनिअर माणूस, चांगला पगार, म्हणाला पूर्ण दिवसाचे पैसे भरलेत, प्रोग्रॅममध्ये आख्खी वादी लिहिलीय, ऊन पडलंय, तू कामचोर आहेस. त्याच्या बायकोने फोनवर वेदर दाखवलं, म्हणजे मस्कतचं, डाउनलोड केलेलं, कारण आत रेंजच नव्हती. पोरगा शांतपणे म्हणाला पैसे कंपनीशी बोला, गाडी मी वळवतोय. आणि वळवली.

मी काही बोललो नाही तेव्हा, पण रात्रभर बोललो स्वतःशी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा पूल गेला तेव्हा त्यात आमच्या दोन गाड्या गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. मी त्या रात्री ड्युटीवर नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत चहा आला आणि तसाच पडून राहिला. त्या ड्रायव्हरांना तर पुलापुढे काय आहे ते दिसायची सोयच नव्हती, अंधार, पाऊस. इथे एका माणसाला दिवसाउजेडी दिसलं, त्याने गाडी वळवली आणि आपण त्याला कामचोर म्हणतोय.

वादीचं पाणी आपल्या ओढ्यासारखं का नाही ते त्या पोराने परतताना सांगितलं आणि मला पटलं. डोंगरावर माती नाही, झाडं नाहीत, पाणी मुरायला जागाच नाही, नुसता कातळ. वर अर्धा तास जोराचा पाऊस झाला की सगळं पाणी त्या चिरांतून एकदम खाली येतं, आणि खाली जो माणूस आहे त्याच्या डोक्यावर ऊनच असतं. आपल्याकडे निदान चार दिवस पाऊस लागलेला असतो, ओढा गढूळ दिसतो, म्हातारी माणसं ओरडतात. तिथे गोट्यांवर बसून पोरं सँडविच खात असतात आणि वळणाआडून आधी आवाज येतो. जून २००७ मध्ये गोनू नावाचं वादळ आलं त्यात तिकडे पन्नासच्या आसपास माणसं गेली, ते वादळ तरी. पण एप्रिल २०२४ च्या पावसात शाळेच्या मुलांना नेणारी गाडी वादीत वाहून गेली, ती तर तिथलीच, रोजच्या रस्त्यावरची माणसं. म्हणून तिथे रस्ता जिथे वादी ओलांडतो तिथे कडेला पांढरे-लाल खांब असतात, पाणी लालला लागलं की गाडी घालायची नाही, आणि वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घालणं हा गुन्हा आहे, दंड होतो, तुरुंगसुद्धा. आणि आपल्याकडे काय वेगळं? ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, उभी होती तिथेच पाणी वाढलं. तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होतं ते, आणि त्याच पेपराची पुरवणी लिहिते वादी म्हणजे ओढाच.

त्या दिवशी पाणी आलं का, असं विचाराल. मला माहीत नाही. आम्ही बाहेर पडलो, हायवेला लागलो, दिवसभर ऊनच होतं. इंजिनिअर साहेब अजून म्हणतात की तो कामचोर होता.

बाकीचा दिवस मग समुद्राच्या बाजूने. दिबाबजवळ एक मोठा खड्डा आहे, हवियत नज्म, पन्नास-सत्तर मीटर रुंद, वीसेक मीटर खोल, खाली निळं-हिरवं पाणी आणि उतरायला पायऱ्या. आपल्या लेखात छापलंय की उल्का पडून झाला. तशी तिथली दंतकथा आहे, नावाचा अर्थच तारा पडल्याचा आहे, पण चुनखडीचा दगड पाण्याने आतून विरघळत गेला आणि वरचं छप्पर कोसळलं असा तो झालाय, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. एवढं तरी लिहिण्याआधी तपासायला हवं होतं. पाण्यात पाय सोडून बसलात तर बारीक मासे पाय कुरतडतात, बायको तिथून उठेना, पार्लरमध्ये याचे पैसे घेतात म्हणाली.

फिन्सचा किनारा मला सगळ्यात आवडला. पांढरे गोटे, पांढरी वाळू, पाणी असं की कमरेएवढ्या पाण्यात आपले नखं दिसतात. पोरांनी ड्रायव्हरला सांगितलं गाडी पाण्याच्या कडेने पळव, व्हिडिओ काढू. त्याने गाडी गोट्यांच्या वरच उभी केली आणि म्हणाला चालत जा. ओल्या वाळूत गाडी घालायची नाही, एक तर रुतते आणि दुसरं म्हणजे त्या सगळ्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, सूरच्या पुढे रास अल जिंझला तर त्यासाठी राखीव भागच आहे. मी हे ऐकलं आणि गप्प बसलो कारण आमच्या हर्णै, गुहागरला शनिवार-रविवारी काय चालतं ते मला माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या गाड्या भरतीच्या वेळी पुळणीत घालायच्या, रुतल्या की गावातल्या पोरांना हाका मारायच्या, मग ट्रॅक्टर, मग दोर, आणि संध्याकाळी व्हिडिओ. आमच्याही किनाऱ्यांवर कासवं येतात हो. वेळासला माणसं रात्री जागून त्यांची अंडी सांभाळतात.

आता तक्रार. कंपनीच्या कागदावर वादी शाब पण होतं. प्रत्यक्षात आम्हाला दिसलं ते काय, तर हायवेच्या उंच पुलाखालचं पार्किंग आणि पलीकडे नेणारी होडी, एका रियालची. आत जायचं तर होडीने ओलांडून पाऊण तास चालायचं, मग पोहत पोहत कुंडांतून जायचं, तेव्हा ती गुहेतली धबधब्याची जागा येते. जाऊन-येऊन तीन-चार तास हवेत. हे कंपनीला माहीत नाही का? माहीत आहे. तरी कागदावर पाच नावं टाकायची, कारण तीन नावं टाकली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. एसटीत आम्ही फेरीच्या बोर्डावर न थांबणाऱ्या गावाचं नाव लिहिलं असतं तर लोकांनी गाडी अडवली असती. दोष ड्रायव्हरचा नाही, दोष बोर्ड रंगवणाऱ्याचा.

म्हणून आठ दिवसांनी आम्ही दोघं आणि मुलगा, तिघंच, परत त्याच पोराला सुट्टीच्या दिवशी बोलावून फक्त वादी तिवीला गेलो. एक दरी, एक दिवस. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन, उद्या आकाश साफ आहे, चला. तिवीचा रस्ता सिमेंटचा आहे पण चढ असा आणि वळणं अशी की आमच्या घाटातल्या भल्याभल्यांना घाम फुटेल, आणि मधे गावं, गावातून गल्ली, गल्लीत दोन्ही बाजूला घरांच्या भिंती, आरसे मिटून गाडी काढावी लागते. एका गल्लीत समोरून पाण्याचा टँकर आला. तो चढत होता, आम्ही उतरत होतो. आमच्या पोराने एक शब्द न बोलता गाडी मागे घेतली, पन्नास-साठ फूट, एका झटक्यात, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. टँकरवाल्याने छातीवर हात ठेवला. घाटाचा कायदा सगळीकडे एकच बघा.

केळी, खजूर, लिंबं, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, कडेने फलजचं पाणी पळतंय. एका घरासमोर म्हातारे गृहस्थ बसलेले, आमच्या पोराची ओळख, त्यांनी बोलावलं. चटई, खजूर आणि कहवा म्हणजे तिथली कॉफी, वेलचीचा, बिनसाखरेचा, एवढ्याशा वाटीतून. वाटी रिकामी झाली की परत भरतात, परत भरतात, मी पाच प्यायलो, शेवटी पोराने कानात सांगितलं की बाबा, नको असेल तर वाटी हलवायची. हे मॅपवर येतं का? बायकोला आत बायकांत नेलं, ती तासाभराने बाहेर आली ती लिंबांची पिशवी घेऊन. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी आतून हसण्याचे आवाज येत होते.

त्याच गावात आमच्यासमोर एक गाडी आली, भाड्याची, चार जण, आपलेच, मराठी ऐकू आलं म्हणून मी खूश होऊन हात केला. गाणी मोठ्याने, एक जण उघडाच खिडकीतून बाहेर, फलजमध्ये पाय धुतले, ज्या पाण्यावर खाली लोकांच्या बागा आहेत त्यात, आणि विहिरीवरच्या बायकांचे फोटो. गावाच्या तोंडावर पाटी आहे चित्रासकट, अंगभर कपडे घाला, फोटो विचारून काढा. चिप्सची पाकिटं तिथेच टाकली आणि गेले. आमच्या पोराने काही न बोलता ती उचलली आणि आमच्या गाडीत मागे ठेवली. मला "बाबा" म्हणणारा पोरगा होता, पण त्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं.

तेव्हा संपादक साहेब, माझं म्हणणं गाइडवाल्यांचा धंदा वाढावा असं नाही. ज्याला परवडत नाही त्याने हायवेवरून जावं, खड्डा बघावा, फिन्सला पोहावं, तिथवर साधी गाडी जाते आणि मजा काही कमी नाही. पण डांबरी सोडून पात्रात उतरायचं असेल तर त्या दरीतला माणूस सोबत पाहिजे, आणि तो मागे फिर म्हणाला की फिरायचं. अजून एक, लेखकाला बहुतेक ठाऊक नसावं, भाड्याच्या बहुतेक गाड्यांचा इन्शुरन्स ऑफरोडला लागत नाही, करारात बारीक अक्षरात असतं, गाडी वादीत अडकली तर ओढून आणायचा खर्च आणि नुकसान सगळं तुमच्या खिशातून. आपल्या पेपरावर विश्वास ठेवून चिपळूण-सांगलीचं एखादं नवीन जोडपं साधी गाडी घेऊन आत उतरलं तर? २०२२ च्या जुलैत ओमानच्या दक्षिणेला सलालाजवळ मुघसैलच्या किनाऱ्यावर कठडा ओलांडून पुढे गेलेली माणसं लाटेने नेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातले होते, लहान मुलांसकट. तेव्हा येत्या रविवारी निदान दोन ओळींचा खुलासा छापा, पाण्याबद्दल आणि इन्शुरन्सबद्दल. उल्केचं नाही छापलंत तरी चालेल.

कळावे,
एक निवृत्त एसटी चालक,
चिपळूण

ता.क. लेखासोबत "वादी शाब" म्हणून जो फोटो छापलाय त्यात मागे पूल आणि रेस्टॉरंट दिसतंय. तो बहुतेक वादी बनी खालिदचा आहे, तिथे कुंडाच्या काठालाच हॉटेल आहे आणि साधी गाडी पार्किंगपर्यंत जाते. शाबला आत चहाची टपरी पण नाही, पाणी सोबत न्यावं लागतं.